तीन दिवसांच्या रजेनंतर

संयुक्त अरब अमिरातीत खासगी नोकरी करणाऱ्यांसाठीचा सध्याचा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. घरात मृत्यू झाला तर किती रजा मिळेल, हे त्यात नीट लिहून ठेवलं आहे. नवरा किंवा बायको गेली तर पाच दिवस. आई, वडील, मूल, भाऊ, बहीण, नातवंड, आजी किंवा आजोबा गेले तर तीन दिवस. रजा पगारी आहे. सासू-सासरे, काका, मावशी, मामा, लहानपणापासूनचा मित्र ही माणसं या यादीत नाहीत.

दुबईहून मुंबईला विमान तीन तासांत पोचतं. पुढे सातारा, सावंतवाडी किंवा जळगाव गाठायला आणखी अर्धा दिवस लागतो. तीन दिवसांत अंत्यदर्शन झालं तर नशीब, अस्थी सावडणं जेमतेम. दहाव्यापर्यंत थांबायचं तर वार्षिक रजेतले दिवस मोडायचे, आणि ते आधीच गणपतीला किंवा मुलांच्या सुट्टीला लावलेले असतात. म्हणून अनेक जण तेराव्याच्या आत परत येतात. सकाळी शेख झायेद रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत उभे राहतात, आणि ऑफिसमध्ये जरा खालच्या आवाजात कुणी विचारतं, "ऑल ओके?"

अशा वेळी माणसाच्या मनात येणारा प्रश्न साधा असतो: आता या दुःखाचं करायचं काय? भोवतीची माणसं सल्ले देतात. कुणी म्हणतं, लिहून काढ. कुणी म्हणतं, चित्रकलेचा क्लास लाव. कुणी म्हणतं, काहीतरी कर, पण गुंतून राहा. मग दुसरा प्रश्न येतो: हे असं काही केल्याने खरंच फरक पडतो का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ होणार नाही. काहीतरी घडवल्याने दुःखाची मुदत कमी होते असं मानायला फारसा आधार नाही. मात्र गेलेल्या माणसाशी असलेलं नातं पुढे न्यायला हाताने केलेल्या कामाइतका भक्कम मार्ग मला दुसरा दिसत नाही. परमुलखात राहणाऱ्यांना तर त्याची गरज जास्तच आहे. का, ते एकेक करून पाहू.

१. आधी कागद

मृत्यू अमिरातीतच झाला तर पहिले काही दिवस दुःखाला जागाच मिळत नाही. रुग्णालयाची सूचना, आरोग्य खात्याचा मृत्यूचा दाखला, पोलिसांचा ना-हरकत दाखला, भारतीय वकिलातीत नोंद आणि पासपोर्ट रद्द करणं, शव टिकवण्याची प्रक्रिया, मग विमान कंपनीच्या मालवाहतूक विभागात आरक्षण. ज्याचा माणूस गेला तोच बहुधा या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत असतो. डोकं सुन्न असतं आणि हात मात्र सह्या करत असतात. ज्यांच्याकडे पैसे नसतात त्यांना वकिलातीच्या समाज कल्याण निधीतून मदत मिळू शकते. २००९ मध्ये परदेशातल्या भारतीयांसाठी तो सुरू झाला.

मृत्यू गावी झाला असेल तर उलटी अडचण. तिथे सगळं पार पडलेलं असतं आणि इथल्या माणसाच्या हाताला काहीच आलेलं नसतं. आपल्याकडे दहावा, तेरावा, महिन्याची मासिकं, वर्षश्राद्ध, भाद्रपदातला पितृपक्ष अशी वर्षभर पसरलेली रीत आहे. तिच्यावर श्रद्धा असो वा नसो, एक गोष्ट ती चोख करते: ठरावीक दिवशी गेलेल्या माणसासाठी हातांना काम देते. पिंड वळायचे, पान वाढायचं, त्याच्या आवडीची भाजी करायची, कावळ्याची वाट पाहायची. मधल्या दिवसांत संसाराकडे बघायचं. दूर राहणाऱ्याच्या वाट्याला यातलं फार थोडं येतं.

२०२० च्या मार्चमध्ये तर तेही गेलं. भारतात उतरणारी आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबली, ती 'वंदे भारत' मोहिमेची पहिली विमानं ७ मे रोजी अबू धाबी आणि दुबईहून केरळकडे निघेपर्यंत. त्या दीड महिन्यात ज्यांचे आईवडील गेले त्यांनी अग्नी फोनच्या पडद्यावर पाहिला. त्यानंतरही परतीसाठी नावनोंदणी आणि प्रतीक्षा होतीच. त्यातल्या पुष्कळांना आजही वाटतं की आपण निरोपच दिला नाही. ही भावना त्यांच्या मनाचा कमकुवतपणा नव्हे. निरोपाचं जे प्रत्यक्ष काम असतं ते त्यांच्या हातून झालेलं नाही, आणि राहिलेलं काम मनात टोचत राहतं.

२. दुःखाची चाल

"पाच पायऱ्या असतात म्हणे," असं हल्ली सर्रास ऐकू येतं. नकार, राग, देवाशी सौदा, खिन्नता आणि शेवटी स्वीकार. ही यादी डॉक्टर एलिझाबेथ कुबलर-रॉस यांच्या १९६९ च्या पुस्तकातली. ते पुस्तक प्रामुख्याने स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांच्या मुलाखतींवर उभं आहे. पुढे ती यादी मागे राहिलेल्यांनाही लावली गेली, आणि जिन्यासारखी लावली गेली. त्यामुळे सहाव्या महिन्यात ज्याला पुन्हा रडू फुटतं त्याला वाटतं, आपण पायरी चुकलो. पायऱ्या नसतातच, तर चुकणार काय?

शोकाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये एक वेगळं चित्र मांडलं. त्यांच्या म्हणण्यानुसार शोकात माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करतो. एका बाजूला गमावलेलं माणूस: आठवणी, फोटो, ओढ, रडणं. दुसऱ्या बाजूला बदललेलं आयुष्य: बिलं, मुलांची शाळा, नवरा करायचा ती बँकेची कामं आता स्वतः करणं. दोन्ही बाजूंना जाणं गरजेचं, आणि एकाच बाजूला अडकून पडणं धोक्याचं. ये-जा हीच प्रकृती.

अमिरातीच्या किनाऱ्यावर हे समजावून सांगायला सोपं आहे. १९३० च्या दशकात जपानी संवर्धित मोती आणि जागतिक मंदी यांनी धंदा बुडवला, तोवर इथली माणसं उन्हाळाभर समुद्रात मोती काढत. पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पायाला दगड अडकवून तळाशी जायचा, श्वास पुरेल तेवढा वेळ शिंपले गोळा करायचा आणि दोरीला हिसका द्यायचा. वर होडीवर त्याची दोरी धरून बसलेला माणूस, सैब, त्याला ओढून घ्यायचा. थोडा दम खाऊन तो पुन्हा खाली. दिवसातून अनेकदा. खाली गेल्याशिवाय मोती नाही, वर आल्याशिवाय जीव नाही, आणि दोरी धरणारा डुलक्या घेत असेल तर दोन्ही नाही. शोकातल्या माणसाला खाली जाऊच न देणारे नातेवाईक ("आता रडायचं नाही हं") आणि वर येऊ न देणारे नातेवाईक ("एवढ्यात कशी हसते ही?") दोघेही दोरी चुकीची धरतात.

यात कलेचं, कारागिरीचं स्थान कुठे? शिवायला घेतलेली गोधडी, लिहायला घेतलेली वही ही एकाच वेळी दोन्ही बाजूंची असते. आईच्या साड्या कापताना माणूस तिच्यापाशी असतो, आणि धागा सुईत ओवताना, उद्या किती टाके घालायचे ठरवताना आजच्या दिवसात असतो. रडणं सांजवेळी अवचित गाठतं. कामाला मात्र आपण ठरवून बसतो आणि ठरवून उठतो. शोकात बाकी काहीच आपल्या हातात नसतं, म्हणून हे बसणं-उठणं मोलाचं.

३. तुटतं काय, उरतं काय

फ्रॉइडने १९१७ मध्ये शोकावर एक निबंध लिहिला. गेलेल्या माणसात गुंतलेली मनाची शक्ती हळूहळू सोडवून घेणं हेच शोकाचं काम, असा त्याचा रोख होता. विसाव्या शतकातला बराच काळ पाश्चात्त्य डॉक्टर शोकाकडे याच नजरेने पाहत होते. १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने ही समजूत उलटवली. मुलं गमावलेले पालक, आईवडील गमावलेली मुलं यांना पाहून त्यांना दिसलं की निरोगी माणसंसुद्धा नातं तोडत नाहीत. त्याचं रूप बदलतात आणि चालू ठेवतात.

मराठी वाचकाला हे नवं वाटणार नाही. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली, आणि नामदेवांनी त्या प्रसंगावर अभंगांची अख्खी मालिका रचली. त्यात नामदेवांचा स्वतःचा शोक आहेच, शिवाय धाकट्या भावाला समाधीपर्यंत नेणाऱ्या निवृत्तिनाथांचाही आहे. दुसऱ्याच्या दुःखाला शब्द देणं हे कवीचं काम नामदेवांनी तेव्हा केलं, आणि सातशेहून अधिक वर्षं वारकरी त्या शब्दांतून तो दिवस पाहत आले आहेत. अरबस्तानात याच्याही साडेसहाशे वर्षं आधी अल-खन्सा नावाची कवयित्री होऊन गेली. मुआविया आणि सख्र हे तिचे दोन भाऊ टोळ्यांच्या लढायांत गेले. त्यांच्यावर तिने आयुष्यभर शोकगीतं रचली. आजही अरबी शोककाव्याची गोष्ट निघाली की पहिलं नाव तिचंच येतं.

नातं चालू ठेवण्याचं मला सर्वांत आवडणारं मराठी उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य अपुरं राहिलं होतं. सुरुवातीचे थोडेच अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंना शाळेचं शिक्षण नव्हतं, वाचायला-लिहायला त्या लग्नानंतर घरातच शिकल्या. त्यांनी ते काव्य हाती घेतलं आणि उरलेले अध्याय, म्हणजे ग्रंथाचा मोठा भाग, स्वतः लिहिला. दरम्यान १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागलं.

'स्मृतिचित्रे'तले टिळक पाहा. विसरभोळे, तापट, पैसा हातात न टिकणारे, अचानक घर सोडून जाणारे, आणि उदार, प्रेमळ. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचा देव केला नाही. भांडणं तशीच्या तशी ठेवली, त्यांच्यावर हसल्या आणि वाचकांनाही हसवलं. माझ्या मते शोकातून लिहिणाऱ्यासाठी यापेक्षा मोठा धडा नाही. फोटोला हार घातला की माणूस गुळगुळीत होतो आणि हळूहळू परका वाटू लागतो. त्याचा हट्ट, त्याची घोरण्याची सवय, त्याने एकदा केलेला अपमान हे सगळं कागदावर आलं तर तो तुमचाच राहतो.

४. शारजातली दोन अपुरी कामं

लक्ष्मीबाईंनी जे केलं तेच शंभर वर्षांनी शारजात घडलं, आणि ते जगासमोर घडलं.

हूर अल कासिमी या शारजाच्या राज्यकर्त्यांच्या कन्या. लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकल्या. २००२ मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात त्यांनी 'डॉक्युमेंटा ११' हे प्रदर्शन पाहिलं. नायजेरियात जन्मलेले ओक्वी एन्वेझर त्याचे कलादिग्दर्शक होते. युरोप-अमेरिकेपलीकडच्या कलावंतांना मध्यभागी आणणारं ते प्रदर्शन पाहून हूर यांना शारजाच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनाचं रूप बदलावंसं वाटलं, आणि २००३ पासून त्यांनी ते बदललंही. १९९३ मध्ये सुरू झालेलं ते प्रदर्शन आज अरब जगातल्या सर्वांत महत्त्वाच्या कलाप्रदर्शनांत गणलं जातं. म्हणजे एन्वेझर हे त्यांचे एका अर्थी गुरूच.

पुढे तिसाव्या वर्षाच्या प्रदर्शनाची आखणी त्यांनी एन्वेझर यांच्याकडेच सोपवली. इतिहासाचा विचार वर्तमानात उभं राहून कसा करायचा, असा विषय त्यांनी दिला. तीस वर्षांसाठी तीस नव्या कलाकृती कलावंतांकडून करवून घ्यायच्या, अशी त्यांची कल्पना होती. मार्च २०१९ मध्ये ते कर्करोगाने गेले. प्रदर्शन व्हावं, त्याची सूत्रं हूर यांनी घ्यावीत, अशी त्यांची इच्छा होती.

त्याच वर्षी १ जुलै रोजी हूर यांचे जुळे भाऊ खालिद लंडनमध्ये गेले. वय ३९. २००८ मध्ये त्यांनी 'कासिमी' ही स्वतःच्या नावाची वस्त्रशैली सुरू केली होती. तिच्यात अरब जगातलं राजकारण, स्थलांतर, वास्तुरचना यांचे पडसाद असत. शारजात तीन दिवसांचा दुखवटा जाहीर झाला. तो संपल्यावर पुढच्या हंगामाचे कपडे कोण पूर्ण करणार हा प्रश्न होताच. हूर यांनी भावाच्या कामाची कलात्मक सूत्रं हाती घेतली. फॅशन हे त्यांचं क्षेत्र नव्हतं.

चार महिन्यांच्या आत एक गुरू आणि एक जुळा भाऊ, आणि दोघांचंही काम अर्ध्यावर. त्यांच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नाही, पण त्यांनी काय केलं हे दिसतं. कपड्यांचं काम सुरू राहिलं. कोविडमुळे प्रदर्शन लांबलं आणि अखेर ७ फेब्रुवारी २०२३ रोजी उघडलं. दीडशेहून अधिक कलावंत, शारजा शहरासोबत कलबा, खोरफक्कान, अल हमरिया, अल धैद इथल्या जागा. कलबातला बर्फाचा जुना कारखानासुद्धा त्यासाठी कलादालन झाला होता.

अपुरं काम पूर्ण करणं हे शोकातलं सर्वांत समर्थ काम का, याचं उत्तर या उदाहरणात सापडतं. गेलेल्या माणसासारखं लिहायला, शिवायला, गायला बसलं की क्षणोक्षणी विचारावं लागतं, "इथे त्याने काय केलं असतं?" उत्तर शोधायचं तर त्याचा हात, त्याची आवड, त्याची खोड सगळं नव्याने समजून घ्यावं लागतं. काही वेळा "तो असता तर असं केलं असतं, पण मी वेगळं करणार" असंही ठरवावं लागतं. हा संवाद दोघांमधला आहे, आणि त्यातला एक जण हयात नाही एवढाच फरक. आपल्या घरात कुणी महाकाव्य किंवा प्रदर्शन अर्धवट टाकून जात नाही हे खरं. पण निम्मा विणलेला स्वेटर, गावाकडच्या वंशावळीची अर्धी वही, बाल्कनीतल्या कुंड्या, भजनी मंडळात शिकायला घेतलेला राग असं काही ना काही मागे राहतंच. शोधायला तिथूनच लागावं.

५. लिहून मोकळं होतं का?

१९८६ मध्ये जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी संशोधकांनी ४६ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायचं. काहींनी बूट, खोली असल्या साध्या गोष्टींबद्दल लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक प्रसंगाबद्दल. ज्यांनी प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांना लिहिताना त्रास झाला, पण पुढच्या सहा महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात जाण्याचं त्यांचं प्रमाण कमी राहिलं. "लिहून काढ" या सल्ल्यामागे मुख्यतः हाच प्रयोग आहे.

आता दुसरी बाजू. २००२ मध्ये मार्गारेट स्ट्रोब यांनी सहकाऱ्यांसह जोडीदार गमावलेल्यांवर लेखनाचा परिणाम तपासला, आणि लिहिणाऱ्यांत व न लिहिणाऱ्यांत बरे होण्याच्या दृष्टीने फरक आढळला नाही. दोन्ही निष्कर्ष एकत्र धरले तर एवढं म्हणता येतं: दडपून ठेवलेल्या, कुणाला न सांगितलेल्या आघाताला लेखन वाट देऊ शकतं, पण साध्या, सर्वांना ठाऊक असलेल्या शोकावर ते औषधाच्या गोळीसारखं लागू पडत नाही. तेव्हा चार दिवस लिहून बरं वाटलं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. वही आणा, पण बरं होण्याची तारीख तिच्यावर लिहू नका.

लिहिलेलं कुणी वाचलंच पाहिजे असंही नाही. इद्रिस खान हे ब्रिटिश चित्रकार. २०१० मध्ये त्यांची आई गेली. त्यानंतर त्यांच्या कामात स्वतःचे शब्द आले. मनातली वाक्यं ते रबरी शिक्क्यांनी उमटवत, एकावर एक, एकावर एक, अक्षरं वाचता येईनाशी होईपर्यंत. शेवटी उरतो तो शाईचा दाट पुंजका. सांगायचं ते सांगून झालं, आणि कुणाला कळलंही नाही. घरात चार माणसं, भिंती पातळ, शेजारी जवळ अशा ठिकाणी राहणाऱ्यांना ही युक्ती उपयोगी आहे.

पुढे याच खान यांनी अबू धाबीतलं 'वाहत अल करामा' हे हुतात्मा स्मारक घडवलं. २०१६ मध्ये ते खुलं झालं. शेख झायेद मशिदीसमोर ॲल्युमिनियमच्या ३१ भल्यामोठ्या पाट्या एकमेकींवर रेललेल्या आहेत. एकही ताठ, एकटी उभी नाही. दर ३० नोव्हेंबरला देश हुतात्मा दिन पाळतो, कारण १९७१ मध्ये त्या दिवशी ग्रेटर टुंब बेटावर देशाचा पहिला जवान धारातीर्थी पडला. अबू धाबीत राहत असाल तर मशिदीसोबत हे स्मारकही पाहून या.

६. घाई नको

बेळगावच्या इंदिरा संत आणि त्यांचे पती ना. मा. संत दोघेही कवी. 'सहवास' हा दोघांचा एकत्र कवितासंग्रह १९४० मध्ये निघाला. १९४६ मध्ये नारायणराव गेले. मागे तीन लहान मुलं. इंदिराबाई शिकवत राहिल्या, घर चालवत राहिल्या. 'शेला' हा त्यांचा पुढचा संग्रह १९५१ मध्ये आला, मग १९५५ मध्ये 'मेंदी' आणि १९५७ मध्ये 'मृगजळ'. विरहाच्या कवितांनी मराठी कवितेला नवं वळण लावणाऱ्या या कवयित्रीला पती गेल्यानंतरच्या पहिल्या पुस्तकापर्यंत यायला पाच वर्षं लागली.

त्यांचा मुलगा प्रकाश, वडील गेले तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. त्याने मोठेपणी लंपन नावाचा मुलगा निर्माण केला. हा लंपन बेळगावच्या परिसरात आजी-आजोबांकडे वाढतो. 'वनवास' हे त्याच्या गोष्टींचं पहिलं पुस्तक १९९४ मध्ये निघालं, तेव्हा प्रकाश नारायण संत साठीकडे झुकले होते. एकाच घरातला एकच मृत्यू. आईच्या लेखणीतून तो पाच वर्षांनी उमटला, आणि मुलाने हरवलेल्या बालपणाची गोष्ट पुस्तकात आणली तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षं लोटली होती. तुमच्या घरातही बहीण महिन्याभरात वही भरेल आणि भाऊ वीस वर्षं बोलणार नाही. दोघांचं प्रेम तितकंच असू शकतं.

७. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी

इथवरची नावं मोठ्या लेखकांची, कलावंतांची झाली. पण शोकाला रूप देण्याचं काम आपल्याकडे सर्वांत जास्त केलं ते निरक्षर बायकांनी, जात्यावर बसून. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत गेलेली आई, न आलेला भाऊ, कपाळीचं कुंकू पुसलं जाणं हे सगळं आहे. पहाटे दळता दळता, कुणाला उद्देशून न म्हणता. हाताला जड काम आणि तोंडी एक ओळ, एवढ्यावर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दिवस काढले.

आता एक लहानसं उदाहरण करून पाहू. समजा, दुबईत करामा भागात राहणाऱ्या एका बाईची आई पुण्यात गेली. आईचा गोडा मसाला दर वर्षी डब्यातून यायचा. डब्यात दोन बोटं मसाला उरला आहे. तो वापरायचा की ठेवायचा, हेच तिला कळत नाही. ती ठरवते, आपण तो करून पाहायचा. पहिल्या सुट्टीच्या दिवशी ती मावशीला फोन लावते: "मावशी, आई धने किती घ्यायची गं?" मावशी म्हणते, "मापाने कधी घेतलेत तिने? पण दगडफूल सढळ हाताने." नागकेशर, दगडफूल, तीळ, सुकं खोबरं दुबईतल्या भारतीय किराणा दुकानांत मिळतंच. पहिला मसाला करपतो. दुसऱ्यात दालचिनी जास्त होते. प्रत्येक वेळी ती बोटाने उरलेल्या मसाल्याची चव घेते आणि वहीत लिहिते: काय घातलं, किती घातलं, आणि कोपऱ्यात त्या दिवशी आईचं आठवलेलं एक वाक्य. काही महिन्यांनी तिच्याकडे तीन गोष्टी असतात: आईच्या मसाल्याच्या अगदी जवळ जाणारा मसाला, माहेरच्या बायकांशी पुन्हा जुळलेलं बोलणं, आणि आईच्या वाक्यांची एक वही. तिने ना कविता लिहिली ना चित्र काढलं. तरी दुसऱ्या भागातली ये-जा आणि तिसऱ्या भागातलं नातं दोन्ही तिच्या स्वयंपाकघरात घडलं. तुमच्याकडे मसाल्याच्या जागी वडिलांचं दुचाकी उघडून जोडणं असेल, आजोबांचं बासरीवादन असेल. ज्या कामात त्या माणसाचा हात दिसायचा ते काम निवडा, स्वतःला येणारं किंवा मिरवता येणारं काम नको.

८. हातांनी भागत नाही तेव्हा

काही शोक कामाने हलत नाहीत. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने २०२२ मध्ये दीर्घकाळ रेंगाळलेल्या शोकाची आजार म्हणून नोंद केली. मोठ्या माणसाच्या बाबतीत मृत्यूला एक वर्ष उलटल्यावरही जवळजवळ रोज तीव्र ओढ, स्वतःचाच एक भाग मेल्याची भावना, मृत्यू झालाच नाही असं वाटणं, जगण्यात अर्थ नाही असं वाटणं हे टिकून राहिलं आणि रोजचं जगणं अडलं, तर तो विचारात घेतला जातो. जागतिक आरोग्य संघटना हीच मर्यादा सहा महिने धरते. त्यावर खास उपचार आहेत. मरावंसं वाटत असेल तर मात्र महिने मोजत बसू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा. "तू गोधडी शीव, बरं वाटेल" असं अशा माणसाला सांगणं म्हणजे मदत टाळणं आहे.

शेवटी अमिरातीतल्या वाचकांना एक विनंती. इथे व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाहीत, म्हणून गावाकडची माणसं वर्षानुवर्षं आवाजाचे निरोप पाठवत आली आहेत: "जेवलास का?", "फोन कर रे सवडीने", "पाऊस सुरू झाला इकडे". फोन बदलला, हरवला की ते कायमचे जाऊ शकतात. आईवडील हयात असोत वा नसोत, या आठवड्यात ते निरोप फोनमधून काढून दोन ठिकाणी साठवा, आणि निदान दहा निरोप त्यांच्या शब्दांत, त्यांच्या हेलासकट वहीत उतरवून काढा. पुढे जे काही लिहाल, शिवाल, रांधाल त्याला हा कच्चा माल लागेल.